आर्डिथची हलकी बंदूक

आर्डिथ निस्कानेनने तीन वर्षांत माझ्या दुकानातून एकही काडतूस नेलं नव्हतं. ही गोष्ट गावात फक्त मला माहीत होती, आणि मी ती कुणाला बोललो नव्हतो.

अल्डर क्रॉसिंगमध्ये दुकान म्हणावं असं माझं एकच. खिळे, रंग, शेगडीचे पाइप, मासे धरायचे गळ आणि काडतुसं, सगळं एकाच छपराखाली. शिकारीचे परवानेही मीच देतो. पंधरा नोव्हेंबरला बंदुकीचा हंगाम उघडतो. त्याआधीच्या आठवड्यात सगळं गाव माझ्या गल्ल्यासमोरून जातं. त्या दिवशी शाळेला सुट्टी असते; नाही दिली तरी वर्गात नुसती बाकं उरतील. मिशिगनच्या या उत्तर टोकाला हिवाळा सहा महिने ठाण मांडून बसतो, आणि फ्रीजरमध्ये हरीण नसेल तर तो आठ महिन्यांचा वाटतो.

आर्डिथ शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं डाव चालवतेय. गावातल्या निम्म्या माणसांना लहानपणी तिने वाढलंय, त्यामुळे रस्त्यात कुणी भेटलं की ती आधी त्याच्या पोटाकडे बघते. तिचा बाप ओन्नी केस्टी लाकूडतोड्या होता. त्याला चार मुलीच. तेव्हा थोरलीला, म्हणजे आर्डिथला, त्याने चौदाव्या वर्षी आपली थर्टी-थर्टी बंदूक हातात दिली आणि म्हणाला, "शिंगं उकळून कुणाचं पोट भरलेलं नाही. लठ्ठ असेल ते मार, आणि जवळून मार." तिने आयुष्यभर तेच केलं. भिंतीवर लावायला एक मुंडकं नाही तिच्या घरात. तळघरात मात्र मांसाच्या बरण्यांची रांग असायची, आणि डिसेंबरात तिच्या घरी गेलं की बटाटा, सलगम आणि हरणाचं मांस भरलेल्या, करंजीसारख्या पेस्ट्या ताटलीत पडल्याशिवाय सुटका नसायची.

ती थर्टी-थर्टी म्हणजे जुन्या माणसांची लाडकी बंदूक. आखूड, हलकी, खालचा खटका पुढेमागे केला की नवं काडतूस नळीत. आमच्या रानात देवदार असे दाटीने उभे असतात की ऐंशी पावलांपलीकडचं दिसतच नाही. तिथे याहून जास्त लागतं कशाला? पण साठी आली आणि आर्डिथला नळीच्या टोकावरची, नेम धरायची माशी धुरकट दिसायला लागली. दुर्बीण त्या जुन्या बंदुकीवर नीट बसेना. मग तिने ती ग्रीन बेला राहणाऱ्या आपल्या मुलीला देऊन टाकली आणि म्हणाली, "आता वेन आणेल, मी शिजवीन."

वेन तिचा नवरा. रस्ते खात्यात बर्फ काढायचा ट्रक चालवायचा. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वेनला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायला लागला, आणि बोलताना शब्द एकेक करून येऊ लागले, बर्फात रुतलेल्या गाडीसारखे.

नोव्हेंबर जवळ आला तेव्हा त्याने डाव्या हाताने कपाट उघडून आपली थर्टी-ऑट-सिक्स बायकोपुढे ठेवली. जड, दर बाराला हाताने बोल्ट ओढायची, दुर्बिणीची, सव्वीस वर्षं जपलेली. या बंदुकीने हरीण पडतं, अस्वल पडतं, घोड्याएवढं मूसही पडेल. "तू वापर," तो म्हणाला. नाही म्हणायची सोय नव्हती. त्याच्याकडे त्यावेळी देण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं. गावाबाहेर खडीची खाण आहे, हंगामाआधी आम्ही सगळे तिथे बंदुकीचा नेम तपासतो. आर्डिथने वेनची बंदूक खांद्याला लावली आणि पहिल्याच बाराला दुर्बिणीची कड तिच्या भुवईवर आपटली. रक्त आलं. शाळेत तिने सांगितलं, कपाटाचं दार लागलं. दुसऱ्या दिवशी ती परत आली, भुवईवर पट्टी. मी बाजूलाच होतो. तिने चाप ओढला आणि बार व्हायच्या आधीच तिचे डोळे मिटले, खांदा आक्रसला, नळी खाली गेली. पाच वेळा. पाचही वेळा तसंच. मला बोलायला हवं होतं. पण आयुष्यात जिचा नेम चुकला नाही तिला काय सांगायचं, या लाजेने मी काडतुसांची रिकामी टरफलं गोळा करत बसलो.

त्या हंगामात ती रिकाम्या हाताने आली. पुढच्याही. त्याच्या पुढच्याही. "काही दिसलंच नाही," एवढंच म्हणायची. वेनचा धाकटा भाऊ क्लॅरेन्स दरवर्षी कुणाकडून तरी हरणाचा एक फरा आणून द्यायचा, बाकी दुकानातलं गोमांस. आणि खाणीवर ती पुन्हा कधी फिरकली नाही.

चौथ्या वर्षी, ऑक्टोबर संपत आलेला, क्लॅरेन्स वेनला गाडीत घालून माझ्या दुकानात आला. वेन काठी टेकत आत शिरला आणि रंगाच्या उलट्या डब्यावर बसला. क्लॅरेन्सने नेहमीप्रमाणे भिंतीवरच्या बंदुका उतरवून एकेक खांद्याला लावून बघायला सुरुवात केली. घेत कधीच नाही.

"गॉर्डी," वेन म्हणाला, "आर्डिथ तुझ्याकडून... काडतुसं नेते का?"

मी गळांची पाकिटं लावत होतो. लावतच राहिलो.

"तुला विचारतोय."

"तिलाच विचार ना."

"ती म्हणते, घरात आहेत. आहेतच. आठ आहेत. त्या पहिल्या हंगामानंतर आठ होती. आजही आठच." तो थांबला, दम घेतला. "तुझ्याकडून नेते का?"

"नाही," मी म्हणालो.

"म्हणजे ती बारच काढत नाही. मग दोन-दोन आठवडे रानात करते काय?"

"बसते," क्लॅरेन्स म्हणाला. "मीही बसतो. शिकार म्हणजे दुसरं काय असतं? थंडीत बूड गोठवायचं आणि घरी येऊन वाऱ्याला शिव्या द्यायच्या."

वेन हसला नाही. काठीच्या मुठीकडे बघत म्हणाला, "माझ्यापासून सुटायला जाते ती."

क्लॅरेन्सने हातातली बंदूक हळूच खुंटीला लावली.

"खरं ते बोला," वेन म्हणाला. "सकाळी माझे मोजे ती चढवते. बटणं ती लावते. मग शाळेत तीनशे पोरांना वाढते, परत येऊन मला वाढते. वर्षातून दोन आठवडे कुणी नको असेल तिला. मी तिला दोष देत नाही. फक्त... ठाऊक असावं म्हणून."

मग मात्र मला राहवेना. खाणीवर पाहिलेलं सगळं सांगितलं. भुवई, मिटलेले डोळे, खाली जाणारी नळी. "वेन, ती बंदूक तिला सोसत नाही. आधी ती बंदुकीला घाबरली, मग स्वतःच्या हाताला. तुला सांगायचं धाडस झालं नसेल. मलाही झालं नाही, तीन वर्षं."

वेनने मान वर केली. झटक्यानंतर त्याच्या चेहऱ्याची उजवी बाजू कमीच हलते, पण त्या दिवशी डाव्या बाजूने दोन्हींचं काम केलं.

"एवढंच?" तो म्हणाला. "बंदूकच?"

"एवढंच असावं."

"अरे देवा," तो म्हणाला, आणि डोळे पुसत पुसत हसायला लागला. "एवढंच!"

मग आम्ही तिघं भिंतीपुढे उभे राहिलो. क्लॅरेन्सने लगेच आपल्या थ्री-ओ-एटचं गुणगान सुरू केलं. थर्टी-ऑट-सिक्सपेक्षा जराशी सौम्य, काम तेच, सगळ्या शहाण्या माणसांकडे हीच. मी म्हणालो, तिचा खांदा एकदा धास्तावलाय, त्याला जरासं सौम्य चालणार नाही. आणि कोपऱ्यातली एक वापरलेली टू-फॉर्टी-थ्री खाली काढली. गोळी लहान, धक्का कमी, अक्रोडाचा दस्ता, नळी आखूड, वजनाला हलकी, वर साधी दुर्बीण. एका निवृत्त पोस्टमनने विकायला ठेवलेली.

"टू-फॉर्टी-थ्री?" क्लॅरेन्स ओरडला. "ही शाळकरी पोरांची बंदूक! हिने हरणाला गुदगुल्या होतील. खी खी करून पळून जाईल ते."

"तू गेल्या वर्षी थ्री-ओ-एटने काय पाडलंस?" वेनने विचारलं.

"वारा होता."

"बर्चचं झाड पाडलंस. मी ऐकलंय."

"फांदी," क्लॅरेन्स म्हणाला. "झाड नाही. फांदी."

वेनने बंदूक डाव्या हाताने तोलून पाहिली, खांद्याला लावली. "गोळी लहान असली तरी," तो सावकाश म्हणाला, "डोळे उघडे ठेवून मारलेली बरी. माझी ठेवून घे गॉर्डी. ही दे."

"वेन, सव्वीस वर्षांची बंदूक आहे तुझी. घाई करू नकोस."

"मला ती उचलतासुद्धा येत नाही. ठेवून घे म्हणतो ना."

कागद भरले, डाव्या हाताची वाकडी सही झाली, आणि त्याच संध्याकाळी मी त्या दोघांबरोबर निस्कानेनांच्या घरी गेलो, कारण बंदूक कुणीतरी उचलून न्यायची होती आणि क्लॅरेन्सवर वेनचा विश्वास नव्हता.

आर्डिथ ओट्यापाशी पीठ लाटत होती. मी पिशवीतून बंदूक काढून टेबलावर ठेवली. तिने आधी बंदुकीकडे पाहिलं, मग वेनकडे, मग पुन्हा बंदुकीकडे.

"ही कुणाची?"

"तुझी," वेन म्हणाला.

"आणि तुझी कुठाय?"

"कपाटातच. पण आता ती गॉर्डीची. बदलून घेतली."

"बदलून?" तिने लाटणं खाली ठेवलं. "कुणी सांगितलं होतं तुला? तुझी ती बंदूक! तुझी एवढी एक वस्तू होती की..." आणि ती माझ्यावर वळली. "आणि तू! तू घेतलीस? लाज नाही वाटली?"

"आठ काडतुसं, आर्डी," वेन म्हणाला. "तीन वर्षं आठच."

पिठाचे हात तसेच घेऊन ती खुर्चीवर बसली. क्लॅरेन्स आणि मी दाराकडे सरकलो, पण तिने हाताने बसा अशी खूण केली. मग जे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं ते एका दमात सांगितलं. पहिल्या हंगामात एक मोठा नर समोर आला होता. साठ पावलांवर, आडवा उभा. थर्टी-थर्टीने तिने असे वीस पाडले असतील. चाप ओढला, डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा तो तीन पायांवर पळत होता. एक पाय नुसता लोंबत होता.

"दोन दिवस शोधला," ती म्हणाली. "नदीच्या दलदलीत कमरेपर्यंत गेले. रक्त पाण्यापाशी संपलं. तो कुठे पडला, कधी पडला, काही नाही. कोल्ह्यांनी जिवंतपणी... मला झोपताना ते दिसायचं. मग पुढच्या वर्षी मी बंदूक भरलीच नाही. दोन्ही वर्षं रिकामी बंदूक घेऊन बसले. हरणं समोरून जायची. मी नुसती बघायची."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू तेव्हा डाव्या हाताने चमचा धरायला शिकत होतास. तुला काय सांगू? तुझ्या बंदुकीने मी जनावर अर्धं मारून सोडलं, हे?"

वेन तिच्या समोरच्या खुर्चीत बसला. मग म्हणाला, "मला वाटत होतं, तू माझा कंटाळा आला म्हणून जातेस."

आर्डिथने त्याच्याकडे असं पाहिलं की मला क्षणभर वाटलं लाटणं उचलते आता.

"वेड्या," ती म्हणाली. "मूर्ख माणसा! दोन वर्षं मी त्या मचाणीच्या फळकुटावर दात कडाकडा वाजवत बसले, पायाची बोटं बधिर झाली, आणि तुला वाटलं मी मजा मारतेय? कंटाळा आला तर मी तुझ्या तोंडावर सांगेन. आजवर काही सांगायचं ठेवलंय का मी?"

"हे ठेवलंस की."

"हे एक," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. पिठाचा हात गालाला लागला आणि तसाच राहिला.

पुढच्या शनिवारी आम्ही खाणीवर गेलो. मी तिला सांगितलं, काडतूस मी भरणार, तू बघायचं नाही. कधी खरं भरीन, कधी दारू नसलेलं पोकळ, तुला कळणार नाही. बाराची भीती घालवायला आमच्याकडे जुनी माणसं हीच युक्ती करायची. पहिल्यांदा मी पोकळ काडतूस घातलं. तिने चाप ओढला, नुसतं 'टक' झालं, आणि नळी वीतभर खाली डुलली. तिने ती स्वतः पाहिली.

"अगंबाई," ती पुटपुटली. "हे मी करते?"

"हे तू करतेस."

"शाळेतली पोरं इंजेक्शनाला करतात तसं."

दुसरं पोकळ. नळी डुलली. तिसरं खरं; गोळी खडीच्या ढिगात गेली, पण ती वळून म्हणाली, "बस, एवढाच धक्का?" चौथं पोकळ. पाचव्याला नळी जराशीच हलली. वेन पिकअपमध्ये काच खाली करून, पायावर घोंगडी घेऊन बसला होता. थर्मासच्या झाकणात कॉफी, आणि प्रत्येक वेळी आतून हुकूम. "श्वास सोड आणि मग!" "ओढू नकोस, दाब. दाब!" आर्डिथ एकदा ओरडली, "गाडीतल्यांनी कॉफी प्यावी!" पण आठवडाभर रोज शाळेनंतर आम्ही आलो आणि शेवटच्या दिवशी पोकळ काडतुसावर चाप पडला तेव्हा नळी जागची हलली नाही. मग दहा खरी काढली. साठ पावलांवर ठेवलेल्या कागदी ताटलीत नऊ भोकं, सगळी माझ्या तळव्याखाली झाकली जातील इतकी जवळ. दहाव्याबद्दल तिने स्वतःच सांगितलं, "तो मी घाईत मारला."

पंधरा तारखेला उजाडायच्या आत सगळं गाव, एकमेकांना दुरून दिसावं म्हणून, भगव्या कोटात रानात होतं. आर्डिथला दोन माद्या दिसल्या. तिचा परवाना नराचा. सोळाला धुकं. सतराला दुपारी आभाळ खाली आलं आणि बर्फ भुरभुरायला लागला. वेन या वर्षी हट्टाने तिच्याबरोबर यायचा. तिची मचाण रानवाटेपासून दीडशे पावलांवर, आणि हा वाटेवर पिकअपमध्ये बसून राहायचा. क्लॅरेन्स आणि मी पलीकडच्या टेकाडावर होतो.

तीनच्या सुमाराला एक बार झाला. एकच. क्लॅरेन्सने मान वळवली. आमच्याकडे म्हण आहे: एक बार, मांस; दोन बार, बघू; तीन बार, घरी बटाटे. आम्ही दुसऱ्याची वाट पाहिली. आला नाही. तेव्हा उठलो.

पिकअपपाशी पोचलो तर आर्डिथ गाडीच्या दाराला धरून उभी. चेहरा पांढराफटक.

"पुन्हा तेच झालं," ती म्हणत होती. "वेन, पुन्हा तेच. उडी मारून गेला. मी जागेवर जाऊन बघितलं, रक्ताचा थेंब नाही. बर्फ पडतोय, अर्ध्या तासात सगळं झाकलं जाईल. मी काय केलं हे, काय केलं!"

"डोळे मिटलेस?" वेनने विचारलं.

"नाही." ती थांबली. "नाही मिटले. मला तो दिसला, बार झाला तेव्हासुद्धा दिसला."

"मग सांग, काय दिसलं? पाठीची कमान करून, पोट आवळून गेला? की मागचे पाय झाडले?"

आर्डिथने डोळे बंद केले. "झाडले. घोड्यासारखे मागचे दोन्ही पाय झाडले. मग खाली वाकून सुसाट गेला. शेपूट वर नव्हतं."

वेनने दार उघडलं आणि काठी खाली टेकली. "पोटात लागलेला कमान करतो, पाय झाडत नाही. चला," तो म्हणाला.

"तू कुठे चाललास? दीडशे पावलं आहेत! आडवे ओंडके आहेत!"

"मग हात दे."

तीन वर्षांत तो रानात गेला नव्हता. एका बाजूला क्लॅरेन्स, दुसऱ्या बाजूला मी, उजवा पाय बर्फात रेघ ओढत येत होता. आर्डिथ पुढे, मिनिटामिनिटाला मागे वळून बघायची. नर जिथे उभा होता तिथे पोचल्यावर वेनने आम्हाला थांबवलं. "कुणी पाय पुढे टाकू नका." मग तो क्लॅरेन्सच्या आधाराने गुडघ्यावर बसला आणि तोंड जमिनीशी नेऊन डाव्या हाताच्या बोटाने बर्फ अलगद बाजूला करत राहिला. मी त्याला इतकी वर्षं ओळखतो, पण एवढा सावकाश माणूस पाहिला नाही. बर्फ पडत होता, आणि तो बोटाने पान-पान उलटत होता.

"हे बघ," तो म्हणाला.

चिमूटभर केस. राखाडी, आखूड, कडक, मधेच कातरल्यासारखे.

"पोटाचे असते तर पांढरे लांब असते. पायाचे असते तर बारीक. हे छातीचे. पुढच्या पायामागचे." त्याने ते तिच्या हातमोज्यावर ठेवले. "रक्त लगेच येत नाही. लहान गोळी, लहान भोक. पळताना येतं. आता तू पुढे जा. जमिनीकडे बघू नकोस, झाडांकडे बघ. मांडीच्या उंचीला. मी इथेच बसतो."

आम्ही त्याला एका ओंडक्यावर बसवलं. आर्डिथ देवदारांत शिरली, तिच्या मागे मी. वीस पावलं, काही नाही. तीस पावलं, काही नाही. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मग ती थांबली. एका खोडावर, बरोबर मांडीच्या उंचीला, तळहाताएवढा लाल डाग. गुलाबी, फेसाळ.

"वेन!" ती ओरडली. "फेस आहे! गुलाबी फेस!"

"फुप्फुस!" मागून आवाज आला. इतका मोठा आवाज त्याने झटक्यानंतर काढला नव्हता. "पुढे जा, जवळच आहे!"

आणि जवळच होता. आणखी पन्नास पावलं असतील. पडलेल्या देवदाराच्या पलीकडे, कुशीवर, मान सरळ टाकून. अंगावर नुकता बर्फ धरायला लागला होता. मध्यम नर, पाठ चरबीने भरलेली. मेलेला, आणि पळता पळताच मेलेला. पडल्यावर पाय झाडल्याच्या खुणासुद्धा नव्हत्या.

आर्डिथ त्याच्याजवळ बसली. हातमोजा काढून त्याच्या मानेवर हात ठेवला. बराच वेळ. मला वाटलं रडतेय, पण वळली तेव्हा तिचा चेहरा गरम पाण्याने धुतल्यासारखा मोकळा होता.

"पुढच्या पायामागे," ती म्हणाली. "बघ, गॉर्डी. जिथे मी नेम धरला होता तिथेच." आणि मग, हळू: "त्या दुसऱ्याचं काय झालं ते मला कधीच कळायचं नाही."

"नाही कळायचं," मी म्हणालो.

तिने मान हलवली. खिशातून परवान्याची पट्टी काढून शिंगाला बांधली आणि सुरी उघडली. "वेनला सांगा," ती म्हणाली, "इथवर यायची गरज नाही. पण त्याला यायचं असेल तर आणा."

त्याला यायचंच होतं. पडलेल्या झाडावरून त्याला पलीकडे काढताना क्लॅरेन्स बर्फात साफ आडवा झाला, वेन त्याच्या पोटावर बसला आणि तिघांची मिळून अशी शिवीगाळ झाली की मैलभरातली हरणं पळाली असतील. वेनने नराकडे पाहिलं, बोटाने भोक चाचपलं. "शाळकरी पोरांची बंदूक," तो क्लॅरेन्सला म्हणाला.

"मी वजनाबद्दल बोललो होतो," क्लॅरेन्स कपडे झटकत म्हणाला. "वजनाला बरी आहे असं म्हणालो होतो."

उजेड असतानाच आम्ही नर ओढत वाटेवर आणला. वेन काळीज आणि लिव्हर भरलेली पिशवी मांडीवर घेऊन गाडीत बसला. थकला होता, शंभर यार्ड गेलो नाही तोच डोकं काचेला टेकून झोपला. आर्डिथ गाडी चालवत होती, वीसच्या वेगाने. रस्त्यात खड्डा आला की ब्रेकवर पाय, म्हणजे त्याला धक्का बसू नये.

क्लॅरेन्सने आणि मी नर तिच्या गॅरेजच्या आढ्याला टांगला. आत तिने चुलीवर लोखंडी कढई ठेवली, लोणी घातलं, कांदा घातला, आणि पाठीच्या आतली कोवळी पट्टी बोटभर जाडीने कापून त्यात टाकली. मीठ, मिरपूड, बाकी काही नाही. वेन वासाने जागा झाला. आम्ही चौघं टेबलावर बसलो आणि ताटं बघता बघता अर्धी झाली.

"गोमांस," वेन शेवटी म्हणाला, "मला पुन्हा दाखवू नका."

"बरण्या उद्या धुवायच्या आहेत," आर्डिथ म्हणाली. "चाळीस तरी भरतील. खिम्याच्या यंत्राचा दांडा तू फिरवायचास. डाव्या हाताने येतं."

"येतं."

"क्लॅरेन्स, एक फरा तुझा."

"मला नको," क्लॅरेन्स म्हणाला. "मी उद्या मारणार आहे."

"वारा असेल उद्या," वेन म्हणाला.

मग आर्डिथने खुर्चीला पाठ टेकली. "मी पाच मिनिटं पडते," असं म्हणून आतल्या खोलीत गेली. सात वाजले होते. थोड्या वेळाने मी बघितलं तर ती बुटांसकट, आडवी, तोंड उघडं टाकून झोपली होती. वेन काठी टेकत आला, दारात उभा राहून तिच्याकडे बघितलं, आणि आम्हाला ओठांवर बोट ठेवून खूण केली. भांडी आम्ही तिघांनी घासली. डाव्या हाताने वेनने एक बशी फोडली, पण ती उठली नाही.